तांब्याचा आकडा कोणता?

तांब्याच्या पत्र्यावर काहीशे इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जेचे इलेक्ट्रॉन सोडले की पत्र्यातूनही इलेक्ट्रॉन बाहेर पडतात. आत गेलेल्या प्रत्येक इलेक्ट्रॉनामागे सरासरी किती बाहेर आले, त्या गुणोत्तराला दुय्यम उत्सर्जनाचा गुणांक म्हणतात. संदर्भग्रंथातल्या तक्त्यात तांब्यापुढे त्याचे कमाल मूल्य १.३ च्या आसपास छापलेले असते. कारखान्यातून आलेला, रीतसर धुऊन-पुसून घेतलेला पत्रा मोजायला घेतला तर तेच मूल्य २ किंवा त्याच्या वर निघते. मग त्याच जागी इलेक्ट्रॉनांचा मारा बराच वेळ चालू ठेवला तर ते १.१ ते १.२ पर्यंत उतरते. आणि लेझरने पृष्ठभाग खरवडून काळा केला तर १ च्याही खाली जाते. चारही आकडे काळजीपूर्वक मोजलेले आहेत, चारही तांब्याचेच आहेत आणि चुकीचा एकही नाही. मग तांब्याचा आकडा कोणता? गेल्या सव्वाशे वर्षांतले या विषयावरचे काम एकत्र पाहिले तर माझ्या मते त्याचे उत्तर असे निघते: हा गुणांक घनतेसारखा किंवा वितळणबिंदूसारखा धातूच्या नावावर लिहिता येत नाही. तो वरच्या काही अणुथरांचा आणि त्या थरांवर आजवर काय काय गुजरले याचा आकडा आहे. हे जाणकारांना ठाऊक नाही असे नव्हे. पण ठाऊक असूनही तक्ते छापले जातात आणि त्या तक्त्यांवर यंत्रे उभी राहतात.

सुरुवात १९०२ मध्ये ऑस्टिन आणि स्टार्के या दोघांनी केली. कॅथोड किरण धातूवरून किती परावर्तित होतात हे ते मोजत होते. आदळणाऱ्यांपेक्षा बाहेर पडणारे जास्त असू शकतात असे त्यांना दिसले, आणि नुसत्या परावर्तनाने ते होणे शक्य नव्हते. म्हणजे धातूतलेच इलेक्ट्रॉन उसळून बाहेर येत होते. पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत निर्वात नळ्यांचा उद्योग वाढला आणि या उत्सर्जनाला दोन विरुद्ध तोंडांनी महत्त्व आले. जनरल इलेक्ट्रिकमध्ये अल्बर्ट हल यांनी १९१८ मध्ये त्याचाच उपयोग करून डायनाट्रॉन नावाची नळी मांडली; तिच्या प्लेटवरचा व्होल्टेज वाढवला की प्लेटचा प्रवाह कमी होई, कारण येणाऱ्या इलेक्ट्रॉनांपेक्षा निसटणारे वाढत. उलट फिलिप्समध्ये १९२६ मध्ये टेलेगेन आणि होल्स्ट यांनी पेंटोडमध्ये एक जादा जाळी बसवली, ती हे निसटणारे इलेक्ट्रॉन प्लेटकडे परत लोटण्यासाठी. डायनाट्रॉन फार टिकला नाही. एका नळीचे उत्सर्जन दुसरीशी जुळत नसे, आणि तीच नळी वापरात जुनी होत गेली की तिचा स्वभाव बदले. पेंटोड मात्र घरोघरच्या रेडिओत गेला. कारण उघड आहे: जी गोष्ट स्थिर नाही तिच्यावर विसंबण्यापेक्षा तिला अडवणे सोपे. अभियंत्यांनी ती अस्थिरता बाजूला सारली. भौतिकीवाल्यांना तसे करता येत नव्हते.

मोजण्याची रीत ऐकायला साधी आहे. नमुन्यावर जाणारा एकूण प्रवाह मोजायचा, नमुन्यातून जमिनीकडे वाहणारा प्रवाह मोजायचा; दोहोंतली तफावत म्हणजे बाहेर पडलेले इलेक्ट्रॉन. एकूण प्रवाहासाठी नमुन्याला धन विभव देतात म्हणजे बाहेर पडू पाहणारे परत खेचले जातात. मग ऋण विभव देतात म्हणजे ते निर्धास्त निघून जातात. अडचणी इथूनच सुरू होतात. बाहेर पडणाऱ्यांपैकी बहुसंख्य अगदी मंद असतात, बहुतेक १ ते ५ इलेक्ट्रॉन-व्होल्टचे, आणि त्यांना पन्नास-शंभर व्होल्ट सहज परत आणतात. पण काही प्राथमिक इलेक्ट्रॉन धातूत शिरून, थोडी ऊर्जा गमावून किंवा न गमावताही मागे फिरतात. त्यांना ही ओढ पुरत नाही. ते निसटतात, एकूण प्रवाह कमी मोजला जातो आणि गुणांक फुगतो किंवा आकसतो, ते नेमके कसे हिशेब मांडला यावर. म्हणून सावध प्रयोगकर्ते प्राथमिक प्रवाह वेगळ्या फॅरेडे कपात मोजतात. खोल, अरुंद तोंडाच्या भांड्यात शिरलेला इलेक्ट्रॉन सहसा परत येत नाही. आणखी एक लबाडी भोवतालच्या भिंतींची. नमुन्यातून निघालेले वेगवान इलेक्ट्रॉन भिंतीवर किंवा जाळीवर आदळले की तिथूनही मंद इलेक्ट्रॉन उडतात आणि नमुन्याकडे येऊन मोजमापात मिसळतात. जुन्या प्रयोगांत संग्राहकाला आतून काजळी फासण्याची पद्धत होती ती यासाठी, कारण काजळीतून फारच कमी इलेक्ट्रॉन उडतात. पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्रसुद्धा दोन-तीन इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या इलेक्ट्रॉनाची वाट वाकवायला पुरेसे असते. त्यासाठी कक्षाभोवती विशिष्ट मिश्रधातूचे आवरण घालावे लागते. प्राथमिक आणि दुय्यम यांतली सीमा ५० इलेक्ट्रॉन-व्होल्टला ओढतात, तीही निसर्गाने घातलेली नाही. ती रूढी आहे. एवढे सगळे सांभाळले तरी मोजमापातली चूक काही टक्क्यांवर आणता येते. तांब्याच्या १.१ आणि २ मधला फरक काही टक्क्यांचा नाही, म्हणून तो उपकरणांच्या माथी मारता येत नाही.

तो फरक पृष्ठभागात आहे, आणि पृष्ठभाग ताब्यात ठेवणे किती अवघड हे कळायला अर्धे शतक गेले. १० चा उणे सहावा घात टॉर एवढ्या दाबाला, म्हणजे वातावरणाच्या जवळपास अब्जांशाला, उरलेल्या वायूचे रेणू स्वच्छ धातूवर सुमारे एका सेकंदात एक पूर्ण थर बसवू शकतात. पृष्ठभाग तासभर स्वच्छ ठेवायचा तर दाब आणखी हजारो पटींनी उतरवायला हवा. १९५० पर्यंत दाबमापक १० चा उणे आठवा घात टॉरच्या खाली उतरतच नसत आणि पंपांची मजल तेवढीच असा समज होता. खरे कारण मापकातच दडलेले होते. त्याच्या जाळीवर इलेक्ट्रॉन आदळले की मृदू क्ष-किरण निघत, ते आयन-संग्राहकावर पडत आणि तिथून इलेक्ट्रॉन सुटत. संग्राहकातून इलेक्ट्रॉन जाणे आणि त्यावर धन आयन येणे यांत विद्युतमापकाला फरक कळत नाही. बेअर्ड आणि अल्पर्ट यांनी १९५० मध्ये जाड संग्राहकाच्या जागी बारीक तार लावली, क्ष-किरण पडायला जागाच ठेवली नाही, आणि दाब आधीच त्याहून खाली गेलेला असतो हे दिसून आले. पृष्ठभागांतून नकळत सुटणारे इलेक्ट्रॉन पृष्ठभागांच्याच अभ्यासाला किती वर्षे अडवून बसले होते, हे यावरून दिसते. त्याआधीचे आकडे टाकाऊ ठरवणे मात्र अन्याय होईल. एच. ई. फार्न्सवर्थ यांनी १९२० च्या दशकातच धातू तापवून वायू हाकलला की वक्र बदलतो हे नोंदवले होते. एस. आर. राव यांनी १९३० मध्ये रॉयल सोसायटीच्या प्रोसीडिंग्जमध्ये निकेलवरची मोजमापे दोन भागांत मांडली: आधी असंख्य स्फटिककणांच्या निकेलची, मग एका अखंड स्फटिकाच्या पृष्ठाची. धातू तोच असला तरी पृष्ठभागाची रचना वेगळी नोंदवली पाहिजे, हे त्या विभागणीतच मान्य केलेले आहे.

या बाबतीतला सगळ्यांत गाजलेला पुरावा बेल कंपनीच्या प्रयोगशाळेतला आहे. क्लिंटन डेव्हिसन निकेलवर इलेक्ट्रॉन सोडून किती, कुठल्या कोनात आणि किती ऊर्जेने परततात ते मोजत होते. १९२१ पासून कुन्समन यांच्यासह त्यांचे निष्कर्ष छापून येत होते. एप्रिल १९२५ मध्ये द्रवरूप हवेची बाटली फुटली, तप्त नळीत हवा शिरली आणि निकेलवर ऑक्साइड चढले. ते घालवायला डेव्हिसन आणि गर्मर यांनी निकेल दीर्घकाळ तापवले. तापवण्यात बारीक कणांचे मोजके मोठे स्फटिक झाले आणि पुढच्या मोजणीत कोनांचे चित्र पार बदलले. १९२७ मध्ये ५४ व्होल्टला ५० अंशांच्या कोनात दिसलेले शिखर हा इलेक्ट्रॉनाच्या तरंगरूपाचा पुरावा ठरला आणि १९३७ मध्ये डेव्हिसन यांना जी. पी. थॉमसन यांच्याबरोबर नोबेल मिळाले. ही गोष्ट सहसा दैवयोगाची म्हणून सांगतात. मला ती आपल्या प्रश्नाची वाटते: रासायनिकदृष्ट्या निकेल तेच होते, नळी तीच, मोजणारे तेच. बदलली ती फक्त अणूंची मांडणी, आणि उत्तर बदलले.

बरे, पृष्ठभाग एकदा स्वच्छ केला, मांडणीही नोंदवली, तरी मोजणारा झोत त्याला तसा राहू देत नाही. इलेक्ट्रॉन आदळले की चिकटलेले रेणू फुटतात; पाणी आणि हायड्रोजन निघून जातात, हायड्रोकार्बनचा कार्बन मागे उरतो. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शी चालवणाऱ्याला हे रोज दिसते. लहान जागा मोठी करून काही मिनिटे पाहिली आणि मग दृश्य लांब नेले, की पाहिलेल्या जागेवर काळपट चौकोन उमटलेला असतो. तिथे कार्बन साचलेला असतो, त्यामुळे तिथून कमी इलेक्ट्रॉन सुटतात. सुटणाऱ्या इलेक्ट्रॉनांनीच चित्र घडते, म्हणून तो भाग काळा दिसतो. म्हणजे आकड्याबरोबर मात्राही सांगावी लागते: दर चौरस मिलिमीटरला किती कुलोम इलेक्ट्रॉन पडून झाल्यावर हा आकडा आला? एक मायक्रोकुलोमच्या आत मोजले तर ‘मिळाला तसा’ पृष्ठभाग मोजला असे म्हणता येते. हजार-दहा हजार पट मात्रेला तोच पृष्ठभाग ‘शिजलेला’ असतो. जुन्या कित्येक निबंधांत ही मात्रा दिलेलीच नाही. डेव्हिड जॉय यांनी १९९५ मध्ये अनेक दशकांची मोजमापे एका संग्रहात गोळा केली तेव्हा एकाच मूलद्रव्याचे वक्र शेजारी शेजारी आले आणि ते एकमेकांपासून किती दूर आहेत हे कुणालाही दिसू लागले. ॲल्युमिनियमचे वक्र त्यात विशेष बोलके आहेत: स्वच्छ धातूचे कमाल मूल्य १ च्या आसपास, आणि हवेत आपोआप चढणाऱ्या ऑक्साइडच्या पापुद्र्यासह दुप्पट-अडीचपट.

यावर सिद्धान्तवाल्यांचा आक्षेप रास्त आहे. ते म्हणतात, गोंधळ वरवरचा आहे; आत नियम आहे. प्राथमिक इलेक्ट्रॉनाची ऊर्जा वाढवत गेले की गुणांक आधी वाढतो, काहीशे इलेक्ट्रॉन-व्होल्टला शिखर गाठतो आणि मग उतरतो, कारण फार वेगवान इलेक्ट्रॉन इतक्या खोलवर जाऊन धक्के देतो की तिथून सुटलेले वर पोहोचत नाहीत. बरुडी यांनी १९५० मध्ये दाखवले की गुणांकाला त्याच्या कमाल मूल्याने आणि ऊर्जेला शिखराच्या ऊर्जेने भागले तर वेगवेगळ्या धातूंचे वक्र जवळपास एकमेकांवर बसतात. शिवाय धातूंमध्ये एक कल स्पष्ट आहे: लिथियम, बेरिलियम यांसारखे हलके धातू ०.५ च्या आसपास, सोने १.५ च्या जवळ, प्लॅटिनम १.८. ज्या धातूतून इलेक्ट्रॉन काढायला जास्त ऊर्जा लागते तिथे उत्सर्जन कमी असावे असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात उलट दिसते, कारण दाट धातूत प्राथमिक इलेक्ट्रॉन आपली ऊर्जा पृष्ठभागाजवळच खर्च करतो. हा कल धातूच्या अंतरंगाचाच आहे आणि तो मी नाकारत नाही. पण सगळ्यांना सामावणारा वक्र कसा मिळाला ते पाहावे. ज्या दोन आकड्यांबद्दल वाद आहे त्यांनीच भागून तो मिळाला. वाद भागाकारात गेला, सुटला नाही. वक्राचा आकार टिकतो तो इलेक्ट्रॉन कसा थांबतो या सर्वसाधारण यांत्रिकीमुळे. त्याची उंची ठरते ती वर येणाऱ्या मंद इलेक्ट्रॉनाला शेवटच्या एक-दोन नॅनोमीटरमध्ये कोण भेटते यावर. धातूत मुक्त इलेक्ट्रॉनांची गर्दी असते, टकरी वारंवार होतात, म्हणून खोलवरून सुटका नाही. मॅग्नेशियम ऑक्साइडसारख्या विद्युतरोधकात ती गर्दी नसते, आणि गुणांक १० च्या पुढे जातो. धातूवर असला पापुद्रा नुसता काही अणू जाडीचा असला तरी बाहेरची वाट त्याच्यातूनच जाते.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: आता तर स्वच्छ पृष्ठभाग तयार करता येतो, आणि तो स्वच्छ आहे हे तपासताही येते, मग जुने रडगाणे कशाला? ही तपासणी आली कुठून हेही पाहण्यासारखे आहे. बाहेर पडणाऱ्या इलेक्ट्रॉनांच्या ऊर्जेचा आलेख काढला तर मंद इलेक्ट्रॉनांच्या मोठ्या उताराला मधूनच बारीक उंचवटे असतात. लिझ माइटनर आणि पिएर ओझे यांनी १९२० च्या दशकात अणूतली जी प्रक्रिया स्वतंत्रपणे दाखवली होती, तिच्या या खुणा. प्रत्येक मूलद्रव्याच्या ठरलेल्या ऊर्जेला त्या येतात. लँडर यांनी १९५३ मध्ये त्या ओळखल्या, पण त्या इतक्या पुसट होत्या की उपयोग होईना. जनरल इलेक्ट्रिकमधल्या हॅरिस यांनी १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात आलेखाऐवजी त्याचा उतारच इलेक्ट्रॉनिक पद्धतीने नोंदवला. सावकाश बदलणारी पार्श्वभूमी गळून पडली आणि उंचवटे ठळक झाले. तेव्हापासून ज्या कक्षात गुणांक मोजायचा त्याच कक्षात, त्याच बाहेर पडणाऱ्या इलेक्ट्रॉनांवरून, वर कार्बन किती आणि ऑक्सिजन किती हे वाचता येते. आर्गॉन आयनांनी घासलेल्या, तपासलेल्या तांब्याला निरनिराळ्या प्रयोगशाळा आज १.३ च्या जवळपासच पोहोचतात. तेव्हा आक्षेपाचा पहिला भाग खरा: स्वच्छ तांब्याला स्वतःचा आकडा आहे. पण त्या तक्त्याच्या ओळीत ‘तांबे’ एवढेच छापले जाते, ‘अतिनिर्वातात घासलेले तांबे’ असे नाही. आणि जगातले कुठलेही यंत्र अशा तांब्याचे बनवत नाहीत. क्षीण प्रकाश टिपणाऱ्या फोटोमल्टिप्लायर नळीत तांबे-बेरिलियमची पट्टी वापरतात ती तर तिच्यावर मुद्दाम चढवलेल्या बेरिलियम ऑक्साइडसाठी.

एवढा बारकावा व्यवहारात लागतोच कुठे, असेही कुणी म्हणेल. फोटोमल्टिप्लायरचेच घ्या. त्यात एकामागून एक पट्ट्या असतात आणि प्रत्येकीवर इलेक्ट्रॉनांची संख्या गुणली जाते. दहा पट्ट्या आणि प्रत्येकीचा गुणांक ४ असेल तर एका इलेक्ट्रॉनाचे सुमारे १० लाख ४८ हजार होतात. गुणांक ५ टक्क्यांनी घसरून ३.८ झाला तर उरतात सव्वासहा लाखांच्या आसपास. म्हणजे ५ टक्क्यांचे ४० टक्के झाले. लडाखमधल्या हानले इथे मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने उभारलेल्या मेस दुर्बिणीच्या कॅमेऱ्यात अशा १०८८ नळ्या आहेत, आणि गॅमा किरणांमुळे हवेत चमकणाऱ्या क्षीण निळसर प्रकाशाची प्रतिमा जुळवायची तर प्रत्येकीचे गुणन ठाऊक असावे लागते. जिथे गुणांक १ च्या आजूबाजूला असतो तिथे तर प्रश्न टक्क्यांचाही राहत नाही. १ च्या खाली प्रत्येक फेरीला इलेक्ट्रॉन विरतात, १ च्या वर वाढत जातात. मध्ये काही नाही.

हीच सीमा कणत्वरकांना छळते. नळीतून धन आवेशाच्या कणांचे पुंजके एकामागून एक जातात. भिंतीतून सुटलेल्या इलेक्ट्रॉनांना पुंजका खेचतो, ते समोरच्या भिंतीवर आदळतात, आणखी सुटतात, तोवर पुढचा पुंजका येतो. नळीत इलेक्ट्रॉनांचा ढग साचतो आणि झोत विस्कटतो. जपानच्या केईकेबी आणि अमेरिकेच्या पेप-२ मध्ये नळीभोवती तारांची वेटोळी गुंडाळून सौम्य चुंबकीय क्षेत्राने हे इलेक्ट्रॉन भिंतीजवळच रोखावे लागले. ढग किती काळ टिकतो हे अगदी मंद, दहा इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या खालच्या इलेक्ट्रॉनांच्या परावर्तनावर ठरते आणि मोजायला सगळ्यांत अवघड भाग तोच. तिथे झोताची ऊर्जा, इलेक्ट्रॉन-बंदुकीच्या आणि नमुन्याच्या पृष्ठभागांतले विभवांतर आणि वाटेतली क्षेत्रे सारख्याच आकाराची होतात. २००४ मध्ये चिमिनो आणि सहकाऱ्यांनी तांब्याच्या नळीच्या पृष्ठभागावर मोजून सांगितले की ऊर्जा शून्याकडे गेली की परावर्तन १ कडे जाते. स्वच्छ धातूच्या जुन्या ज्ञानाशी हे जुळत नाही अशी टीका झाली. पुढच्या कामात दिसले ते असे की या मंद भागाचा वक्र एका थराहूनही कमी आवरणाने बदलतो, स्वच्छ आणि मळलेल्या पृष्ठभागाला तो वेगळा असतो. दोन्ही बाजू आपापल्या तांब्याबद्दल बोलत होत्या.

सर्न इथल्या एलएचसीमध्ये हा वाद प्रत्यक्ष बिलाच्या रूपाने आला. २७ किलोमीटरच्या त्या वर्तुळात अतिवाहक चुंबकांच्या आत पोलादाची नळी आहे, तिला आतून तांब्याचा पातळ थर, आणि ती ५ ते २० केल्विनला ठेवलेली. पुंजके २५ नॅनोसेकंदांच्या अंतराने सोडले की इलेक्ट्रॉन-ढग तापतो आणि ती उष्णता शीतयंत्रणेला उपसावी लागते. उपाय म्हणून झोतच मुद्दाम चालवून भिंतींना मारा खाऊ द्यायचा, म्हणजे गुणांक उतरतो. तसे झालेही. पण आठ विभागांपैकी काही थंड राहिले आणि काही हटवादीपणे तापत राहिले. तांबे एकाच प्रतीचे, बनावट सारखी, सगळे विभाग मधल्या दीर्घ विश्रांतीत हवेला उघडे झालेले. २०१८ नंतरच्या थांब्यात काही नळ्या बाहेर काढून प्रयोगशाळेत तपासल्या. तापणाऱ्या विभागांतल्या पृष्ठभागावर कॉपर-टू ऑक्साइड सापडले, जे हवेत राहिलेल्या तांब्यावर एरवी अपेक्षित नसते. आणि तिथे कार्बन कमी होता. माऱ्याने गुणांक उतरतो तो बऱ्याच अंशी चिकटलेल्या कार्बनचे ग्राफाइटसारख्या पापुद्र्यात रूपांतर झाल्यामुळे. कार्बनच अपुरा असेल तर मारा किती केला तरी आकडा एका पातळीखाली जात नाही. सूक्ष्मदर्शीवाला ज्या मळाला शिव्या देतो, तोच मळ त्वरकाच्या नळीत हवा असतो. एलएचसीच्या आधीच्या टप्प्यावरच्या त्वरकात, एसपीएसमध्ये, काही नळ्यांना आतून अस्फटिकी कार्बनचा लेप दिला गेला तो याच हिशेबाने. तापणाऱ्या नळ्यांमध्ये कॉपर-टू ऑक्साइड उतरवून कार्बन परत कसा आणायचा, तेही नळी चुंबकातून न काढता, यावर पुढचे प्रयोग बेतलेले आहेत. आणि त्यांत प्रत्येक मोजमापाबरोबर मात्रा, तापमान आणि वरच्या थराची रासायनिक तपासणी छापावी लागते, कारण त्यांच्याशिवाय तो आकडा दुसऱ्या कुणाच्या नळीला लावता येत नाही.